जपानी ग्राहकाबरोबर एआयचे काम: माणसांची तयारी कशी करावी

पुण्यातील ज्या लहान-मध्यम कंपन्या जपानी कारखान्यांसाठी एआयची कामे घेऊ पाहत आहेत, त्यांच्यासाठी ही तयारीची यादी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोत झालेल्या भारत-जपान शिखर परिषदेत पाच वर्षांत ५ लाख लोकांची देवाणघेवाण करण्याचा आराखडा जाहीर झाला आणि त्यात भारतातून जपानला जाणाऱ्या ५०,००० कुशल व होतकरू व्यक्ती धरलेल्या आहेत. संधी खरी आहे. पण करारावर सह्या झाल्यावर माणसे शोधायला निघणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. त्यामुळे पुढील बाबी किमान वर्षभर आधी हाती घ्याव्यात.

सर्वप्रथम भाषेचे पाहावे. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे आणि जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा (एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड पातळी) येथे जुलै व डिसेंबरमध्ये होते, त्यामुळे एन३ किंवा एन२ झालेली मुले-मुली मिळतात. मात्र या परीक्षेत बोलण्याची किंवा लिहिण्याची चाचणीच नसते, हे निवड करताना लक्षात ठेवावे. उमेदवाराकडून काम लांबणार असल्याचे कळवणारे अर्ध्या पानाचे पत्र जपानीत लिहून घ्यावे आणि दहा मिनिटे फोनवर बोलायला लावावे. प्रमाणपत्रावरून जे समजत नाही ते त्यातून समजते. निवडलेल्या व्यक्तीला केवळ दुभाषी म्हणून बैठकीपुरते बोलावू नये. ग्राहकाची गरज ठरवण्याच्या पहिल्या बैठकीपासून तिला अभियंत्याच्या शेजारी बसवावे, एआयचे मॉडेल ज्यावरून शिकते तो प्रशिक्षणाचा डेटा आणि ज्यावर ते तपासले जाते तो चाचणीचा डेटा वेगळा का ठेवतात हे तिला नीट शिकवावे, आणि अभियंत्यांनाही निदान एन५पर्यंत आणावे, म्हणजे समोरच्या फाइलमधली लिपी पाहून ते बिचकणार नाहीत.

त्या फाइलींचा सराव खऱ्याखुऱ्या नमुन्यांवर करून घ्यावा. जपानी कारखान्यांतल्या जुन्या सीएसव्ही फाइली (साध्या मजकुरातले तक्ते) अजूनही पुष्कळदा शिफ्ट-जिस या जपानी अक्षरे साठवण्याच्या जुन्या संकेतनात असतात आणि आज सर्वत्र चालणारे युटीएफ-८ संकेतन समजून उघडल्या की पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. तारखांच्या रकान्यात कुठे २०२५ तर कुठे जपानी सम्राटाच्या कारकिर्दीनुसार मोजलेले तेच वर्ष, रेइवा ७, असते. एकाच सुट्या भागाचा क्रमांक एका ओळीत पूर्ण रुंदीच्या आकड्यांत आणि दुसऱ्या ओळीत अर्ध्या रुंदीच्या आकड्यांत असतो. डोळ्यांना तो एकच दिसला तरी संगणक त्याला दोन वेगळे भाग समजतो. यावर युनिकोडची एनएफकेसी पद्धत (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारी) चालवली की रुंदीचा प्रश्न सुटतो, पण त्याच पद्धतीने वर्तुळातला एक साधा एक होतो, म्हणजे तपासणीच्या तक्त्यात 'मुद्दा क्रमांक १' असे दर्शवणारे चिन्ह आणि त्याला चिकटून लिहिलेला ५ हा आकडा मिळून १५ असे माप तयार होते. अशी चूक मॉडेलला कळत नाही; तक्ता वाचता येणाऱ्या माणसालाच कळते. भाषा आणि डेटा यांची सांगड एकाच जोडीत असावी, असा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

यानंतरची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे अनिश्चितता सांगण्याचे शिक्षण. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेले काम झाले किंवा नाही, एवढे सांगता येते; एआयमध्ये निकाल डेटा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही आणि पाहिल्यावरही तो शक्यतेच्या भाषेतच असतो. समजा, एक हजार भागांत पाच सदोष आहेत. सगळेच भाग चांगले आहेत असे सांगणारे मॉडेल ९९.५ टक्के अचूक ठरते आणि तरीही पूर्णपणे निरुपयोगी असते. म्हणून प्रत्येक प्रशिक्षणार्थीला सदोष भाग किती सुटले आणि चांगल्या भागांना विनाकारण किती वेळा अडवले हे दोन आकडे वेगवेगळे मांडता आले पाहिजेत, आणि त्यांपैकी कोणती चूक कारखान्याला महाग पडते हे ग्राहकाला विचारण्याची सवय लागली पाहिजे. गुणवत्ता विभागातील जपानी अधिकारी सरासरीवर समाधान मानत नाहीत. सुटलेला एखादाच भाग पुढे ठेवून तो का सुटला असे ते विचारतात. त्या एका भागाचे छायाचित्र, प्रकाशयोजना आणि प्रशिक्षणातले तत्सम नमुने तपासून एक पानी टिपण लिहिण्याचा सराव दर आठवड्याला ठेवावा.

याच्याशी जोडलेली गोष्ट म्हणजे वाईट बातमी वेळेवर कळवणे. अहवाल देणे, माहिती पोचवणे आणि सल्ला घेणे या तिन्हींना मिळून जपानी कचेऱ्यांत होरेन्सो म्हणतात आणि नव्या कर्मचाऱ्याला ते सुरुवातीलाच शिकवतात. आपल्याकडची हुशार मुले अडचण आली की ती आधी स्वतः सोडवू पाहतात व सुटल्यावरच सांगतात. हेतू चांगला असला तरी ग्राहकाच्या दृष्टीने मधले आठ दिवस अंधारात जातात. अडचण त्याच दिवशी कळवणाऱ्याला वरिष्ठांनी कधीही बोल लावू नये, अन्यथा ही शिकवण कागदावरच राहील.

कायद्याची तयारी वकिलावर सोडून देऊ नये. डेटा हाताळणाऱ्या प्रत्येकाला जपानच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील डेटा परदेशात पाठवण्याच्या अटी ठाऊक असाव्यात. भारताच्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात भारताबाहेरील व्यक्तींचा डेटा परदेशी ग्राहकाशी केलेल्या कराराने हाताळणाऱ्यांना बरीच सूट असली, तरी सुरक्षिततेची जबाबदारी कायम राहते. ग्राहकाचे उत्पादन युरोपात जाणार असेल, तर १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आलेल्या युरोपीय एआय कायद्याची टप्प्याटप्प्याने लागू होणारी कलमे तपासावीत.

वेळापत्रक आधीच लेखी ठरवावे. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणून आपल्याकडे साडेनऊला काम सुरू झाले तर तिकडे दुपारचा एक वाजलेला असतो; बैठकीला बसणाऱ्यांनी साडेसातला हजर राहणेच सोयीचे. एप्रिल-मेमधील सलग सुट्ट्या, ऑगस्टमधील ओबोन हा पितरांचा सण आणि वर्षअखेर तिकडे काम बंद असते, तसेच आपली गणपती व दिवाळीची रजाही त्यांना वर्षारंभीच कळवावी.

शेवटी, तयार झालेली माणसे टिकवण्याची तजवीज करावी. जपानी येणारी एकच व्यक्ती असेल आणि ती नोकरी सोडून गेली, तर ग्राहकाशी जुळलेला विश्वासही तिच्याबरोबर जातो. भाषाभत्ता पगारपत्रकात स्वतंत्र दाखवावा, दर बैठकीला दुसरी व्यक्ती ऐकण्यासाठी तरी बसवावी, बैठकीचा वृत्तान्त दोन्ही भाषांत त्याच दिवशी लिहून ठेवावा, आणि कंपनीच्या खर्चाने पहिले दोघे जपानला जातील तेव्हा त्यांचा मुक्काम कचेरीपेक्षा कारखान्यातील तपासणीच्या टेबलाजवळ अधिक राहील असे पाहावे.