स्वेच्छानिवृत्तीनंतर थीम पार्कमध्ये नोकरी कशी मिळवावी : कोकणातल्या पन्नाशीच्या माणसांसाठी

पन्नाशीत व्हीआरएस घेऊन गावी परतलेली माणसं कोकणात आता वाडीवाडीत भेटतात. कुणी रोहा-पाताळगंगेच्या कारखान्यातून आलेलं, कुणी बँकेतून, कुणी एस.टी.तून, कुणी मुंबईची नोकरी आटोपून. कौलं शाकारून होतात, विहिरीवर पंप बसतो, राहिलेली देवदर्शनं होतात, आणि मग दिवस मोठा वाटू लागतो. पैशाची गरज असते ती वेगळीच.

रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका हे थीम पार्क सुरू झालं. मागोमाग तिथे वॉटर पार्क आला, स्नो पार्क आणि हॉटेलही आलं. एवढ्या पसाऱ्याला बाराही महिने माणसं लागतात. ‘तिथे सगळी पोरं-पोरीच दिसतात, आम्हाला कोण घेणार?’ असं म्हणून अनेक जण अर्जच करत नाहीत. पाहुण्याला दिसते ती तरुण मंडळी पुढच्या फळीत असतात. मागे यंत्रं, पाणी, वीज, स्टोअर, सुरक्षा आणि हिशेब असतो. तिथे लागणारी शिस्त तुम्ही पंचवीस-तीस वर्षं रोज पाळलेली आहे. ती नेमकी कुठे उपयोगी पडेल हे ओळखून अर्ज केलात, तर वय आडवं येण्याची शक्यता बरीच कमी होते.

१. आधी पेन्शनचे कागद बघा

नोकरी शोधण्याआधी हे काम उरका. केंद्र सरकारच्या गट ‘अ’ पदावरून निवृत्त झाला असाल, तर निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत खासगी व्यावसायिक नोकरी धरण्यापूर्वी सरकारची परवानगी लागते. बँकेच्या अधिकाऱ्यांनी आपल्या पेन्शन नियमावलीत अशी अट आहे का ते वाचून घ्यावं.

कारखान्यातून आलेल्यांचा प्रश्न वेगळा. पीएफची पेन्शन, म्हणजे ईपीएस-९५, पूर्ण मिळते ती ५८ व्या वर्षापासून. पन्नाशीनंतर ती लवकर सुरू करता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती कायमची असते. माझा सल्ला असा : पार्कच्या पगारावर घर चालणार असेल, तर ही पेन्शन लवकर सुरू करू नका. नोकरी मिळवून ती चार-सहा वर्षं थोपवली, तर पुढचं म्हातारपण तेवढं सुखाचं जाईल. आणि यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा नंबर, तोच ठेवा. नव्या ठिकाणी घाईत नवा नंबर काढला, की जुनी सेवा जोडून घेता घेता जीव मेटाकुटीला येतो.

व्हीआरएसच्या रकमेवर आयकरात ५ लाखांपर्यंतची सूट घेतलेली असेल, तर त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी धरता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

२. पार्क कुठे आणि घर कुठे

इमॅजिका खोपोली-पाली रस्त्याला आहे. पाली, पेण, कर्जत, खोपोलीच्या माणसाला रोजची ये-जा जमण्यासारखी आहे. अलिबागहून ती जिकिरीची होते. उत्तरेकडे गोराईचं वॉटर किंगडम, ठाण्यातलं टिकुजीनी वाडी, विरारकडचं ग्रेट एस्केप ही नावं आहेत. खालच्या कोकणात एवढा मोठा पार्क नाही. पण सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. तारकर्लीला स्कूबा आणि जलक्रीडा आहेत, गणपतीपुळ्याजवळ ‘प्राचीन कोकण’ हे उघड्यावरचं संग्रहालय आहे, शिवाय गावोगावची कृषी पर्यटन केंद्रं आहेत. पाहुणे सांभाळण्याचं काम तिथेही तेच, फक्त आकार लहान.

दापोली किंवा रत्नागिरीच्या माणसाला खोपोलीत खोली घेऊन राहावं लागेल. भाडं, खानावळ, आठवड्याच्या सुट्टीला गावी येण्या-जाण्याचा खर्च पगारातून वजा करून उरतं किती, हा हिशेब घरात बसून, बायकोसमोर किंवा नवऱ्यासमोर मांडा. तो जुळला नाही तर जवळचं लहान केंद्र बरं.

३. आंब्याचा सीझन आणि पार्कचा सीझन

कोकणातल्या माणसाने हा मुद्दा सगळ्यात आधी सोडवावा, आणि हाच मागे राहतो. पार्कची खरी गर्दी एप्रिलच्या मध्यापासून, शाळांना सुट्टी लागली की, जूनच्या सुरुवातीपर्यंत. नेमकी तेव्हाच हापूसची काढणी. दिवाळी आणि नाताळ हेही पार्कचे गर्दीचे दिवस. तुमची कलमं असतील आणि काढणीला तुम्हीच उभे राहत असाल, तर पार्कची मे महिन्याची ड्यूटी तुम्हाला झेपणार नाही. ‘बघू, रजा मिळेल’ या भरवशावर जाऊ नका, मिळत नाही. बाग खंडाने देता येत असेल तर वर्षभराची नोकरी धरा. नाहीतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शाळांच्या सहलींच्या हंगामापुरतं काम मागा.

भातशेतीवाल्याचं त्या मानाने जमतं. लावणीच्या वेळी आठवड्याच्या मधल्या दिवशी पार्कात गर्दी कमी असते, तेव्हा रजेचं बोलता येतं. गणपती आणि शिमगा यांचं मुलाखतीतच बोला. एचआरला कोकणातल्या माणसाचे गणपती काय असतात ते माहीत असतं, पण ऐन वेळी मागितलेली रजा त्यांनाही देता येत नाही.

४. तिकीट काढून आत जा, पण राइडसाठी नको

एकदा गर्दीच्या शनिवारी आणि एकदा साध्या मंगळवारी जा. प्रवेशद्वार उघडण्याआधी पोचा. राइड चालवणारी मंडळी काय करतात ते पाहा : आधी रिकामी गाडी फिरवतात, प्रत्येक बार ओढून बघतात, दोन माणसांची खूण जुळल्याशिवाय बटण दाबत नाहीत. लॉकर, तिकीट खिडकी, प्रथमोपचार खोली, हरवलेल्या मुलांची जागा कुठे आहे ते बघा. दिवसभर शक्यतो बसू नका. संध्याकाळी गुडघे आणि कंबर काय म्हणतात त्यावरून उभ्याचं काम मागायचं की बसून करायचं, ते ठरेल.

५. तुमचं जुनं काम तिथे कोणत्या नावाने चालतं

इथे सर्वात जास्त वेळ घालवा.

कारखान्यातला फिटर, इलेक्ट्रिशियन, पाइपलाइनचा माणूस असाल, तर राइड मेंटेनन्सला अर्ज करा. इमॅजिकातल्या नायट्रोसारखा रोलर कोस्टर म्हणजे मोटर, ब्रेक, सेन्सर आणि पोलाद. दुरुस्तीआधी वीजपुरवठा बंद करून कुलूप लावणं, टॅग अडकवणं, परमिट घेणं, लॉगबुकात सही करणं, हे सगळं तुम्ही केमिकल प्लँटमध्ये केलेलं आहे. एखादा नवखा तंत्रज्ञ ‘एक मिनिटाचं काम आहे’ म्हणून कुलूप न लावता आत हात घालतो. तुम्ही घालणार नाही. अर्जात हे ठळकपणे लिहा.

रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर किंवा लॅबमध्ये असाल, तर वॉटर पार्क तुमच्यासाठीच आहे. तलावाच्या पाण्याचा पीएच साधारण ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवावा लागतो, क्लोरीन दिवसातून अनेकदा तपासावं लागतं, फिल्टर उलटे धुवावे लागतात. गर्दी वाढली, ऊन तापलं की क्लोरीन भराभर उतरतं. क्लोरीनशी कसं वागायचं हे ज्याला आधीच कळतं, असा माणूस पार्कला सहज मिळत नाही.

एस.टी.चा कंडक्टर तिकीट खिडकीवर किंवा रांगेच्या कामावर उत्तम. सुट्टे पैसे, तक्रार करणारा प्रवासी, एका वेळी पन्नास जणांवर नजर, हे त्याने आयुष्यभर केलेलं असतं. शिक्षकांनी आणि शिक्षिकांनी शाळांच्या सहलींचं आरक्षण आणि गटांची व्यवस्था मागावी. मुख्याध्यापकांशी फोनवर कोणत्या भाषेत बोलायचं, दोनशे मुलं जेवायला कशी बसवायची, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? नर्सबाईंना प्रथमोपचार खोली, गोदाम सांभाळलेल्यांना सुट्या भागांचं स्टोअर, बँकवाल्यांना रोख मोजणी आणि हिशेब.

पोहता येतं म्हणून जीवरक्षकाचं काम मागणाऱ्यांना एकच सांगणं : त्याला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं, आणि तंदुरुस्तीची चाचणीही द्यावी लागते. राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीसारख्या संस्था हे प्रशिक्षण देतात. पन्नाशीनंतर हे काम करायचं तर शरीराला विचारून करा. खाडीत पोहण्याचा अभिमान इथे पुरत नाही.

६. बायोडेटा एका पानाचा

वडिलांचं नाव, धर्म, जात, छंद यांनी पान भरू नका. वरती हवं असलेलं काम, खाली केलेल्या कामाच्या पाच-सहा ओळी. ‘२८ वर्षे सेवा’ एवढं लिहून कुणाला काही कळत नाही. ‘शिफ्टमध्ये पंप आणि फिल्टर चालवले, सुरक्षा समितीत होतो, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आहे’ असं लिहा. मराठी, हिंदी येतेच. गुजराती येत असेल तर जरूर लिहा, मुंबई-गुजरातकडचे पाहुणे खूप असतात. इंग्रजी मोडकी असेल तर ‘कामापुरती’ म्हणा. निवृत्तीचं कारण एका ओळीत, खरं. वय लपवू नका.

७. अर्ज कधी आणि कुणाकडे

उन्हाळ्याच्या गर्दीआधी नव्या माणसांचं प्रशिक्षण व्हायला हवं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज पोचलेला बरा. कंपनीच्या संकेतस्थळावरचं करिअरचं पान पाहा, सरकारच्या महास्वयम् आणि नॅशनल करिअर सर्व्हिस या पोर्टलवर नाव घाला. हाउसकीपिंग, सुरक्षा, खानपान ही कामं बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे असतात, तेव्हा पगार कोण देणार हे नीट विचारा. तंत्रज्ञांनी आणखी एक वाट धरावी : इंडियन असोसिएशन ऑफ अम्युझमेंट पार्क्स अँड इंडस्ट्रीज या संघटनेचं प्रदर्शन मुंबईत भरतं. राइड पुरवणारे आणि दुरुस्ती करणारे तिथे एकत्र भेटतात.

नोकरीसाठी डिपॉझिट, युनिफॉर्मचे पैसे, ‘वरच्या साहेबांचे’ पैसे कुणी मागितले की तिथून उठा.

८. मुलाखत

एक प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. उंचीच्या पट्टीला मुलगा बोटभर कमी पडतोय, वडील म्हणतात एवढ्या लांबून आलोय, पैसे भरलेत, सोडा. तुम्ही काय कराल? उत्तर एकच : सोडणार नाही. पण ते कसं सांगता यावर तुमची निवड ठरते. मुलाच्या उंचीला खाली वाका, त्याच्याशी आधी बोला, त्याला चालेल अशी जवळची दुसरी राइड दाखवा, वडिलांना नियम एकदाच शांतपणे सांगा, वाद वाढला तर सुपरवायझरला बोलवा. घरी नातवंडांसमोर, पुतण्यांसमोर मोठ्याने बोलून सराव करा.

दुसरा प्रश्न असतो तरुण साहेबाचा. सत्तावीस वर्षांची मुलगी तुमची टीम लीडर असेल. ती तुम्हाला काका म्हणेल, तुम्ही तिला इतरांसारखं मॅडमच म्हणा. ‘आमच्या वेळी’ हे शब्द पहिले सहा महिने तोंडातून काढू नका. सुरक्षेची चूक दिसली तर मात्र लगेच बोला. तिथे वय आणि हुद्दा दोन्ही बाजूला.

बीपी, साखर, जुनं ऑपरेशन असेल तर ते वैद्यकीय तपासणीत सांगून टाका. उंचावरचं काम नाकारण्यात कमीपणा नाही.

९. सही करण्याआधी

नेमणूकपत्रात पगार, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, जादा तासांचे पैसे, बस आणि जेवण, कराराची मुदत हे लिहिलेलं हवं. तुम्हाला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होत असेल, तर दरमहा २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तुमच्याकडून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्यात तुमच्यासोबत कुटुंबाच्याही उपचाराची सोय असते. व्हीआरएसनंतर कंपनीचा मेडिक्लेम संपलेल्या घराला हा फार मोठा आधार आहे, पगारातल्या हजार-पाचशे रुपयांच्या फरकापेक्षा मोठा. पेन्शन मिळत असेल तर ती आणि त्याच आर्थिक वर्षातला आधीचा पगार नव्या ठिकाणी कळवा, म्हणजे मार्चमध्ये कराची रक्कम एकदम अंगावर येणार नाही.

पहिला पगार आला की पासबुकातला आकडा बघून थांबू नका. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरला जायला हवा. उमंग ॲपवर तुमच्या जुन्याच यूएएनखाली तो जमा दिसतो का ते पाहा. दिसला नाही तर त्याच आठवड्यात एचआरला लेखी विचारा, आणि त्या पत्राची पोच घ्या.