परदेशात ई-स्पोर्ट्सची (व्हिडिओ गेमची) टूर्नामेंट खेळायला निघताय? आधी पासपोर्टवरचं नाव बघा

पासपोर्ट असेल तर आत्ता काढा आणि त्यावर नाव नेमकं कसं छापलंय ते वाचा. आडनावाच्या रकान्यात काय आहे, नावाच्या रकान्यात काय आहे, वडिलांचं नाव मधे आलंय का नाही, स्पेलिंगमध्ये एक ए आहे का दोन. मग ते अक्षर न् अक्षर तसंच टाइप करून टीमच्या ग्रुपवर पिन करा. टूर्नामेंटचं रजिस्ट्रेशन, इन्व्हिटेशन लेटर, विमानाचं तिकीट, हॉटेल, इन्शुरन्स, व्हिसाचा फॉर्म, बक्षीस जमा व्हायचं बँक खातं, सगळीकडे हेच नाव जायचंय. मागच्या वेळी आमचं सगळं झालं होतं आणि नेमकं हे राहिलं, म्हणून या यादीत हे परत परत येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

आपल्याकडे हा घोळ हमखास होतो. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव मग वडील मग आडनाव, बँकेत कुणाचं नुसतं आद्याक्षर, आणि पासपोर्टवर काहींच्या नावात वडील आलेले तर काहींच्या फक्त शेवटच्या पानावर. इथे चालून जातं, कारण इथे सगळ्यांना माहितीये की मधलं नाव बापाचं असतं. बाहेरच्या आयोजकाला ते माहीत नसतं. तो रजिस्ट्रेशन फॉर्ममधलं नाव उचलतो आणि लेटरवर टाकतो, आणि तो फॉर्म भरलेला असतो आपल्याच कॅप्टनने, रात्री दोनला स्क्रिम (सरावाची मॅच) संपल्यावर, घाईत, कधीकधी तर थेट गेममधल्या नावाने. मग व्हिसाच्या काउंटरवर विचारतात, लेटरवरचा माणूस आणि पासपोर्टवरचा माणूस एकच कशावरून? नवीन लेटर मागवायचं तर तिकडे वीकेंड, इकडे अपॉइंटमेंट गेली, पुढची तारीख मिळते ती मॅच होऊन गेल्यावरची. पाचातला एक अडकला की चौघांच्या तिकिटांचं काय करायचं? सब, म्हणजे राखीव खेळाडू, खेळवू म्हणाल, तर सबचं नावही आधीच दिलेलं लागतं, आणि तेही पासपोर्टप्रमाणेच.

आता पैसे. हिशोब मांडताना बक्षीस शून्य धरा. तिकीट, व्हिसा, राहणं, खाणं, लोकल प्रवास, इन्शुरन्स, आणि परत आल्यावरचे दोन महिने, एवढं बक्षिसाशिवाय निघत असेल तरच जा. पोरं मोठे आकडे ऐकून येतात. डोटा २ या गेमच्या द इंटरनॅशनल स्पर्धेचा २०२१ चा बक्षीस निधी ४ कोटी डॉलर होता हे प्रत्येकाला पाठ असतं. त्याच स्पर्धेचा २०२३ चा निधी ३० लाख डॉलरच्या थोडा वर होता, कारण गेममधल्या बॅटल पासच्या विक्रीतून निधी फुगायचा ती पद्धतच कंपनीने बदलली, आणि हे मात्र कोणाला ठाऊक नसतं. तोही आकडा जगातल्या वरच्या टीमांसाठीचा. फायटिंग गेममध्ये एव्होसारख्या स्पर्धेला हजारो खेळाडू स्वतःच्या खर्चाने येतात आणि पैसे पहिल्या ८ जणांना.

मिळालेच पैसे तर हातात किती येतात तेही मांडून बघा. समजा अमेरिकेत टीमला १० हजार डॉलर लागले. परदेशी खेळाडूच्या बक्षिसावर तिथे साधारणपणे ३० टक्के आधीच कापतात, राहिले ७ हजार. ऑर्गचा (टीम चालवणाऱ्या संस्थेचा) वाटा २० टक्के धरा, राहिले ५,६००. पाच खेळाडू आणि कोच, म्हणजे सहा जणांत प्रत्येकी ९३३ डॉलर. एवढ्यात तुमचं तिकीटसुद्धा निघणं कठीण. तिथे कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट इथल्या रिटर्नमध्ये मागता येतं, पण त्यासाठी कापल्याचा कागद लागतो, अमेरिकेत त्याला १०४२-एस म्हणतात, आणि तो तुमच्या नावाने लागतो. कुठल्या नावाने ते आता सांगायला नको, तरी सांगतो, पासपोर्टवरच्या, आणि पॅनवरचं नाव वेगळं असेल तर ते आधी सरळ करून घ्या. दुबई-सौदीत पगारावर इन्कम टॅक्स नाही म्हणून इथेही नाही असं कुणीतरी ग्रुपवर टाकतं. तुम्ही भारतात रहिवासी असाल तर इथे भरावा लागतोच. सीए गाठा, रील बघून रिटर्न भरू नका.

दोन महिन्यांचं राखीव धरा म्हटलं, खरं तर सहा महिन्यांचं धरा. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलचा भारतीय अवतार, अॅप स्टोअरमधून गेला आणि परत आला मे २०२३ मध्ये. मधले दहा महिने ज्या पोरांचं सगळं त्या एकाच गेमवर होतं त्यांचा दोष काहीच नव्हता. त्याच्या आधी २०२० च्या सप्टेंबरात पबजी मोबाइलचं तसंच झालेलं. गेम कंपनीचा असतो, सर्व्हर तिचा, नियम तिचे. त्यामुळे बारावी, डिग्री, जे चालू आहे ते सोडू नका. एटीकेटी लागली तर लागू दे पण नाव कॉलेजात राहू दे. आणखी एक कारण म्हणजे व्हिसा देणाऱ्याला तुम्ही परत येणार याचा पुरावा हवा असतो, आणि विशीतल्या पोराकडे कॉलेजच्या बोनाफाइडशिवाय दुसरं असतं काय?

कॉन्ट्रॅक्ट असेल तर सही करण्याआधी घरी कुणालातरी वाचायला द्या, वकील ओळखीचा असेल तर उत्तम. पगार किती हे सगळेच बघतात. तुम्ही बघा की बेंचवर बसवलं तर पगार चालू राहतो का, बायआउट (करार मधेच मोडायची किंमत) किती, बक्षिसातला वाटा टॅक्सच्या आधीच्या रकमेवर का नंतरच्या, महिन्याला किती तास स्ट्रीम करायचं, आणि परदेशातलं तिकीट, व्हिसा, आजारपण कोणाच्या खिशातून. "बघू नंतर" असं ऑर्ग म्हणाली तर ते मेलवर लिहून मागा. नाही लिहून देत? मग तो खर्च तुमचाच धरा.

व्हिसा. जुने व्हिडिओ बघून चालू नका. सर्बियाला आपल्या पासपोर्टवर ३० दिवस व्हिसा लागत नव्हता म्हणून बेलग्रेडला बूटकॅम्प (टीमचं सराव शिबिर) स्वस्तात पडायचा, १ जानेवारी २०२३ पासून व्हिसा लागतो, तरी अजून लोक एकमेकांना तोच सल्ला देतात. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तर तेव्हाच करा. पंधरा दिवस आधी ही शेवटची मुदत आहे, तिच्या भरवशावर राहू नका. फी ९० युरो, नाकारला तरी परत मिळत नाही, इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा. १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं, लांब बूटकॅम्प आणि लगेच टूर्नामेंट असा बेत असेल तर दिवस मोजा. अमेरिकेत पगार न घेता फक्त बक्षिसासाठी खेळायला बी-१ चालतो, तिथल्या टीमकडून पगार घेऊन सीझन खेळायचा तर पी-१ लागतो. २०१३ मध्ये लीग ऑफ लेजेंड्स या गेमच्या एका कॅनेडियन खेळाडूला तो मिळाला तेव्हापासून ती वाट आपल्या क्षेत्राला खुली झाली. टुरिस्ट म्हणून जातोय असं खोटं तर अजिबात सांगायचं नाही. एकदा नकाराचा शिक्का बसला की पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तो लिहावा लागतो.

बँक स्टेटमेंट सहा महिने आधीपासून नीट ठेवा. आदल्या आठवड्यात मामाकडून दोन लाख टाकून घेतले की ते दिसतं, आणि प्रश्न येतो. स्ट्रीमचे पैसे मित्राच्या खात्यात, बक्षीस कॅप्टनच्या खात्यात, मग यूपीआयने वाटणी, असं केलंत तर तुमच्या खात्यावर तुम्ही कमावताय असं दिसतच नाही. वडील खर्च करणार असतील तर त्यांचं स्पॉन्सर लेटर, त्यांचे रिटर्न. अठराच्या खालचा खेळाडू असेल तर आईवडील दोघांचं संमतीपत्र, नोटरी करून, आणि टूर्नामेंटची वयाची अट आधी वाचा. घरी किंवा काउंटरवर "गेम खेळायला जातो म्हणजे काय" असं विचारलं तर सांगायला आता ठोस उत्तर आहे: डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून क्रीडा मंत्रालयाकडे दिला, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायचे गेम आणि ई-स्पोर्ट्स वेगळे धरलेत. जकार्ताच्या २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तीर्थ मेहताने हर्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये ब्राँझ आणलं होतं, तेव्हा ई-स्पोर्ट्स हा प्रात्यक्षिक प्रकार होता, पुढच्या हांगझोउच्या स्पर्धेत पदकाचा प्रकार झाला. माझ्या माहितीतल्या बऱ्याच वडिलांना बाकी सगळ्यापेक्षा हे पटतं.

आणि हे सगळे कागद एका फाइलमध्ये लावले की एक माणूस शेजारी बसवा, त्याच्या हातात पासपोर्ट द्या, टीममधल्या दुसऱ्या कुणीतरी एकेका कागदावरचं नाव मोठ्याने वाचायचं, पासपोर्टवाल्याने जुळवायचं. लेटर, तिकीट, इन्शुरन्स, हॉटेल, फॉरेक्स कार्ड. ज्याचं नाव त्याने स्वतः वाचायचं नाही, आपलं नाव आपल्याला नेहमी बरोबरच दिसतं.

तिकीट मॅचच्या निदान तीन-चार दिवस आधीचं. २०१९ च्या एव्हो जपानला लाहोरचा अर्सलान अॅश व्हिसा आणि फ्लाइटच्या भानगडीतून जेमतेम पोचला आणि टेकन या फायटिंग गेमची स्पर्धा जिंकला, त्याच वर्षी लास वेगासची एव्होही जिंकला. लोक ही गोष्ट सांगतात आणि आदल्या रात्री पोचायचं तिकीट काढतात! तो माणूस त्या गेममधला जगातला सगळ्यात भारी खेळाडू होता. तुम्हाला झोप लागते, भूक लागते, जेटलॅग लागतो, तर लवकर जा.

सरावाचं मी जास्त सांगणार नाही, इथपर्यंत आलात म्हणजे तास तुम्ही घालताच. फक्त घरच्या पिंगची (नेटमुळे होणाऱ्या उशिराची) सवय लॅनवर (एका जागी थेट जोडलेल्या मशीनवर) आड येते, पीक करायचं (आडोशातून डोकावायचं) टायमिंग बदलतं, म्हणून निघायच्या आधी काही दिवस एखाद्या कॅफेत पाचही जण एका खोलीत बसून लॅनवर खेळा, हेडफोनवर गर्दीचा आवाज लावून. मनगट दुखत असेल तर फिजिओ आत्ता, तिकडे नाही. आणि घरापासून लांब राहायची तयारी खरंच ठेवा. २०२३ ला व्हॅलोरंट या शूटिंग गेमची पॅसिफिक लीग सुरू झाली तेव्हा मुंबईची ग्लोबल ई-स्पोर्ट्स त्यात होती, पण सामने सोलला, म्हणजे टीम मुंबईची आणि मुक्काम महिनोन्महिने कोरियात. तिथे हरल्यावर बोलायला घरचं माणूस नसतं. घरी रोज एक फोन, ठरलेल्या वेळी, मॅच असो वा नसो.

सामान. माऊस, कीबोर्ड, इअरफोन, माऊसपॅड, कंट्रोलर, सगळं हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये काही नाही. पॉवर बँकही हातातच. त्या देशाचा प्लग. केबल दोन. आखातात जाणार असाल तर आईने भरलेला डबा उघडून बघा, अमिरातीत खसखस चालत नाही, म्हणजे अनारसे घरीच ठेवायचे, आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही न्यायचं नाही. रोजची औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी, ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव, आणि पेशंटचं नाव पासपोर्टप्रमाणे. हो, तिथेपण.

लॅपटॉप किंवा पेन ड्राइव्हमध्ये काय आहे ते बघा. २०१८ मध्ये शांघायच्या एक्स्ट्रीम्सलँड स्पर्धेला ऑप्टिक इंडिया टीमचा एक खेळाडू चीट (फसवून जिंकून देणारं सॉफ्टवेअर) वापरताना पकडला गेला, टीम बाद झाली, ऑर्गने सगळी टीम बरखास्त केली. बाकी चौघांनी काय केलं होतं? काहीच नाही. त्यानंतर कितीतरी दिवस भारतीय टीम म्हटली की लोक संशयाने बघायचे. टीममध्ये कुणावर शंका असेल तर इथेच बोला. बेटिंगवाल्यांचे मेसेज आले तर स्क्रीनशॉट काढून आयोजकाला द्या, उत्तर देऊ नका.

पोचल्यावर: सिम, चेक-इन, जेवण, झोप, दुसऱ्या दिवशी व्हेन्यू बघून या, सेटिंग्ज लिहून ठेवलेल्या कागदावरून टाका.

मॅच संपल्यावर निघायच्या आधी पेमेंटचा फॉर्म आयोजकाच्या माणसासमोर भरा. खात्यावरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव वेगळं असेल तर बँक पैसे परत पाठवते आणि मग मेलामेलीत महिने जातात, म्हणून भारतातून निघायच्या आधीच बँकेत जाऊन खात्यावरचं नाव पासपोर्टसारखं करून घ्या, अर्ज आणि आधार लागतं, कटकट आहे, करा. स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा कोड) बरोबर टाका. पैसे तीन महिन्यांनी येतील असं धरा, पंधरा दिवसांनी एक मेल टाकत राहा, नम्रपणे. टॅक्स कापल्याचा कागद मागून घ्या. कॉलेजला हजेरीसाठी आयोजकाचं पत्र. बोर्डिंग पास फेकू नका, ऑर्गकडे खर्च मागताना पावतीबरोबर तेही मागतात.