उंचीची काळजी वाटत असेल तर काय करावे

अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींना उंचीची काळजी लागली की घरची मंडळी बहुधा दोनच उत्तरे देतात: "वाढेल अजून" किंवा "उंचीत काय आहे एवढे?" पहिले उत्तर त्या वयात बहुतेक वेळा खरे नसते आणि दुसऱ्याने मुलांचे समाधान होत नाही, कारण उंचीवरून भरती हुकताना आणि स्थळ परत जाताना त्यांनी आजूबाजूला पाहिलेले असते. नाशिकमधील तरुणांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिताना मी आधी चीनकडे वळतो, कारण ही काळजी सेंटिमीटर वाढल्याने का मिटत नाही, हे तिथे फार स्पष्ट दिसते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली दोनशे देशांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८५ ते २०१९ या काळात १९ वर्षांच्या मुलग्यांची उंची सर्वांत जास्त वाढली ती चीनमध्ये. तेथील मुलांची सरासरी १७५.७ सेंटिमीटर आणि मुलींची १६३.५ सेंटिमीटर झाली. भारतीय मुलांची सरासरी याच मोजणीत १६६ च्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडे ज्याला चांगला उंच म्हणतील, तो मुलगा तिथे जेमतेम सरासरीला पोहोचतो आणि खंत करत बसतो. २०२२ अखेरपर्यंत चिनी रेल्वेत मुलांचे तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरत असे; दारातच मोजले जाण्याची सवय तिथे लहानपणापासून लागते. केवळ उंच दिसण्यासाठी पायांची हाडे कापून लांबवण्याच्या शस्त्रक्रिया तिथे इतक्या बोकाळल्या की २००६ साली सरकारला त्यांवर बंदी घालावी लागली. सरासरी वाढली की तुलनेची रेषाही तिच्याबरोबर वर सरकते. म्हणून आपली काळजी नेमकी कशाची आहे, शरीराची, एखाद्या नियमाची की लोकांच्या नजरेची, हे आधी वेगळे करावे. तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत.

सुरुवात नीट मोजण्यापासून करावी. अनवाणी, सपाट फरशीवर, भिंतीला टाच, नितंब आणि पाठ टेकवून उभे राहावे, गुडघे सरळ ठेवावेत आणि नजर समोर, जमिनीला समांतर असावी. हनुवटी वर उचलली की मोजणी चुकते. दुसऱ्या व्यक्तीने जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीला काटकोनात धरून केस दबतील इतके डोक्यावर टेकवावे, त्याच्या खालच्या कडेशी पेन्सिलीने खूण करावी आणि मग टेपने मोजावे. तीनदा मोजून सरासरी घ्यावी. दिवसभरात मणक्यांमधील चकत्या दबल्यामुळे संध्याकाळी उंची सुमारे एक सेंटिमीटर कमी भरते, म्हणून सकाळची आणि संध्याकाळची मोजणी एकमेकींशी ताडून घाबरू नये.

त्यानंतर वाढ संपली आहे का, हे पाहावे. हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा, म्हणजे जिथून हाड लांब होते तो मऊ भाग, साधारणपणे मुलींमध्ये चौदा-पंधराव्या आणि मुलांमध्ये सोळा-सतराव्या वर्षी बंद होते. काहींची उशिरा होते. डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून डॉक्टरांना हे कळते. मूल अजून वाढीच्या वयात असेल आणि वर्षभरात उंची फारशी सरकली नसेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा हार्मोनतज्ज्ञांकडे लगेच जावे. तिथे एकेक वर्ष मोलाचे असते. अंदाज घरीही बांधता येतो. आई आणि वडिलांच्या उंचीची बेरीज करून मुलासाठी तीत १३ सेंटिमीटर मिळवावेत, मुलीसाठी १३ वजा करावेत आणि दोनने भागावे. वडील १६८ आणि आई १५२ असतील तर मुलाचा अंदाज १६६.५ आणि मुलीचा १५३.५ येतो. प्रत्यक्ष उंची याच्या आठ-साडेआठ सेंटिमीटर अलीकडे-पलीकडे असू शकते.

कूर्चा बंद झाली असेल तर लोंबकळणे, दोरीच्या उड्या, पावडर किंवा गोळ्या यांपैकी कशानेही हाड लांबत नाही. व्यायाम अवश्य करावा, त्याने ताठ उभे राहण्याची सवय लागते. पण उंचीसाठी म्हणून पैसे घालवू नयेत. सरकारच्या औषध नियमांच्या 'जे' या परिशिष्टात ज्या गोष्टींवर औषध असल्याचा दावाच करता येत नाही त्यांची यादी आहे आणि उंची वाढवणे तीत येते. हाड लांबवण्याच्या शस्त्रक्रियेत हाड रोज सुमारे एक मिलिमीटर ताणले जाते, कित्येक महिने जातात आणि जंतुसंसर्ग, नसांना इजा, सांधे आखडणे हे धोके राहतात. धडधाकट पायांवर ती करून घेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

नियमाची काळजी कागदावर सोडवावी. त्र्यंबक रस्त्यावरील पोलीस अकादमीकडे पाहत मोठी झालेली कितीतरी मुले पहाटे गोल्फ क्लब मैदानावर भरतीसाठी धावतात. पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना १६५ आणि महिलांना १५५ सेंटिमीटरची अट असते. भरतीची तयारी करून घेणाऱ्या खासगी अकादमीची फी भरण्याआधी आणि वर्षे घालवण्याआधी चालू जाहिरात वाचावी आणि स्वतःला मोजावे. आकडा बसत नसेल तर ज्या पदांना उंचीची अट नाही, उदाहरणार्थ तलाठी, त्यांच्या तयारीला त्याच महिन्यात लागावे.

नजरेचे काम सर्वांत अवघड आहे आणि ते बरेचसे घरातच करावे लागते. बायोडाटावर दोन इंच वाढवून लिहू नयेत. खोटा आकडा लिहिलेली मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात टाचा उंचावूनच वावरते. पाहुण्यांसमोर "आमचा जरा बुटकाच राहिला" असे आईवडिलांनी कधीही म्हणू नये, दुसरे कोणी म्हणाले तर "त्याच्या उंचीवर आपण बोलायला नको" इतके शांतपणे सांगून विषय बदलावा. मोबाइलवर शरीराची मापे दाखवणारी जी खाती पाहिल्यावर मन खट्टू होते, ती बंद करावीत.

मात्र मूल रोज तास-तासभर आरशासमोर किंवा फोटोंमध्ये उंची तपासत असेल, कॉलेज किंवा लग्नकार्ये टाळत असेल, उंच टाचांच्या बुटांशिवाय घराबाहेर पडत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे मूल बोलले, तर त्याच दिवशी फोन करावा आणि त्याला एकटे सोडू नये. पहिल्या भेटीत मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे आणि आईवडिलांनी बाहेर थांबावे.