डोळ्यांच्या संशोधनासाठी ट्रस्टकडं निधी मागताय? मग अर्ज असा लिहा

कागदपत्रांवर जास्त बोलत नाही. १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), दर्पण नंबर (संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा), ऑडिट झालेले ताळेबंद तुमच्याकडं असणारच, कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामाचा निधी) मागायचा असेल तर सीएसआर-१ची नोंदणी पण लागते, २०२१ पासून ती सक्तीची आहे. परदेशी ट्रस्टचा एक रुपयासुद्धा एफसीआरएशिवाय (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या परवानगीशिवाय) घेता येत नाही आणि तो आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच पडतो, त्यामुळं अर्जात आपल्या कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या ब्रँचचा खाते नंबर लिहून मोकळं होऊ नका.

ट्रस्ट कसा निवडायचा? त्यांनी आधी कुणाला पैसे दिलेत ती यादी वाचा. त्यात सगळी मोतीबिंदूची शिबिरंच असतील तर सोडून द्या.

आता संशोधनाचा प्रश्न. 'कोल्हापूर जिल्हा अंधत्वमुक्त करणे' हा प्रश्न नव्हे, बॅनरवरचा मजकूर आहे. आपल्याकडचंच बघा, ऊस तोडताना पातं डोळ्याला लागतं, बुबुळावर जखम होते, त्यात बुरशी शिरते आणि शेवटी फूल पडतं. यावर कुठला ड्रॉप चांगला असं विचारत बसलात तर रिव्ह्यूअर (ट्रस्टसाठी अर्ज तपासणारा तज्ज्ञ) पहिल्या पानावरच फुली मारणार, कारण बुरशीवरच्या दोन ड्रॉपपैकी नॅटामायसिन व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरतं, खासकरून फ्यूजेरियम बुरशीवर, हे २०१३ मध्येच मोठ्या ट्रायलमधून आलंय. त्यापेक्षा विचारा, अशी जखम झालेल्या ऊसतोड कामगारांपैकी तीन महिन्यांनी किती जणांची त्या डोळ्याची नजर कामापुरती उरते, आणि दवाखान्यात पोचायच्या आधी किती जणांनी मेडिकलमधून स्टिरॉइडचा ड्रॉप आणून घातला होता (बुरशीवर स्टिरॉइड म्हणजे आगीत तेल).

सगळ्यात अवघड काम इथून पुढं आहे, सॅम्पल साईझ (किती पेशंट घ्यायचे) आणि फॉलोअप (नंतरची तपासणी). मी स्वतः इथंच अडकायचो. नजर उरणाऱ्यांचं प्रमाण ५० टक्के धरलं आणि १० टक्के इकडंतिकडं चालणार असेल तर नेहमीच्या सूत्रानं ९६ पेशंट येतात. आता २० टक्के गळती (नंतर तपासणीला न येणारे) धरायची तर लोक ९६ मध्ये २० टक्के मिळवून ११५ लिहितात. चूक! ११५ मधले २० टक्के गेले की ९२च उरतात. ९६ ला ०.८ नं भागा, १२० येतात. आणि खरं सांगू का, ऊसतोडीत २० टक्के गळती हे स्वप्न आहे, ४० धरा आणि १६० लिहा. आकडा मोठा दिसतो म्हणून घाबरू नका, रिव्ह्यूअरला खोटा छोटा आकडा लगेच कळतोय.

गळती का होते तेही लिहा. टोळी बीडकडची असते, पट्टा पडला (कारखान्याचा हंगाम संपला) की मार्च-एप्रिलमध्ये बिऱ्हाडासकट निघून जाते, आणि फॉर्मवर लिहिलेला नंबर मुकादमाचा असतो जो नंतर उचललाच जात नाही. म्हणून नोंदणी डिसेंबरअखेर थांबवायची म्हणजे तिसऱ्या महिन्याची तपासणी बहुतेकांची इथंच होते, उरलेल्यांसाठी त्यांच्या गावच्या आशाताईंचा किंवा किराणा दुकानदाराचा नंबर घ्यायचा, आणि त्यांच्या तालुक्यातल्या एखाद्या डोळ्यांच्या डॉक्टरचं 'तपासणी करून देतो' असं पत्र अर्जाला जोडायचं. या एका पत्रानं जो फरक पडतो तो दहा पानांच्या प्रस्तावनेनं पडत नाही. एथिक्स कमिटीची (पेशंटवरचं संशोधन योग्य आहे का ते बघणारी समिती) मंजुरी ऑक्टोबरच्या आत हातात पाहिजे, नाहीतर हंगाम गेला म्हणजे वर्ष गेलं. औषधाची ट्रायल करणार असाल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी.

बजेटमध्ये स्लिट लॅम्प (डोळा तपासायचं यंत्र) घालू नका, ते दवाखान्याचं भांडवल, संशोधनाचा खर्च नव्हे. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, केओएच आणि कल्चरचा (बुरशी ओळखायच्या तपासण्या) खर्च, फोन करणाऱ्या माणसाचा पगार हे घाला. मजुरीची रक्कम एथिक्स कमिटीच्या कागदात जी दिलीय तीच इथं पाहिजे. परदेशी पैशातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

सारांश सगळ्यात शेवटी लिहा आणि डोळ्यांशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या, ट्रस्टी बहुतेक तेवढंच वाचतात. पोर्टलवर शेवटच्या दिवशी अपलोड करायला बसू नका. नकार आला तर मेल टाकून रिव्ह्यूअरच्या कमेंट मागा, बरेच जण देतात, फक्त मागताना भांडू नका.