मऊ हाडात दाताचा इम्प्लांट (कृत्रिम मूळ म्हणून बसवायचा स्क्रू) बसवताय? ड्रिल करताना या चुका टाळा

वरच्या जबड्यातली मागची दाढ काढून बरेच दिवस झाले असतील, तर तिथलं हाड बहुतेक वेळा मऊच निघतं. लेखोम आणि झार्ब यांच्या १९८५ च्या वर्गवारीत हा चौथा प्रकार: वर पातळ कठीण कवच, आत विरळ जाळी. पहिला २ मिलिमीटरचा ड्रिल कवच फोडतो आणि पुढे थर्माकोलमध्ये घुसल्यासारखा सरकन आत जातो. हाताला हे कळलं की तिथेच थांबून पुढचा बेत बदलायचा. सीबीसीटीवर (जबड्याच्या थ्री-डी एक्स-रेवर) घनतेचा आकडा दिसतो खरा, पण तो मेडिकल सीटीच्या हाउन्सफील्ड आकड्याइतका (सीटीवर घनता मोजायचं माप) भरवशाचा नसतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे किटमधले ड्रिल ओळीने शेवटपर्यंत वापरणं. खालच्या जबड्याच्या घट्ट हाडात ते ठीक आहे. इथे शेवटचा ड्रिल बहुधा वापरूच नये. भोक अरुंद ठेवलं की टेपर्ड (टोकाकडे निमुळता) इम्प्लांट आजूबाजूचं हाड दाबत बसतो. मात्र वरच्या कवचाला हा नियम लावू नका. भोकाचं वरचं तोंड थोडं मोकळं केलं नाही, तर इम्प्लांटची मान तिथेच अडते, टॉर्क (आवळताना लागणारा पीळ) फसवा वाढतो आणि पातळ कड तडकते.

दुसरी चूक मनगटाची. ड्रिल आत-बाहेर करताना कोन हलला की गोल भोक लंबगोल होतं, आणि मऊ हाड ते माफ करत नाही. आपल्या कोल्हापूर भागात याला एक जास्तीचं कारण आहे: मावा-गुटखा खाऊन आखडलेली तोंडं. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, म्हणे!) तोंड दोन बोटंच उघडत असेल, तर मागच्या दाढेपाशी हँडपीस (ड्रिल फिरवणारं हातातलं यंत्र) तिरका होणारच. हाडात ड्रिल घालण्याआधी, ड्रिल लावलेला हँडपीस तिथे सरळ उभा राहतो का, ते पेशंट खुर्चीत असतानाच बघून घ्या.

ऑस्टिओटोम, म्हणजे हातोडीने ठोकत आत घालायचा दांडा, ही समर्स यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत. हाड न काढता बाजूला दाबायचं, ही कल्पना उत्तम, त्रास हातोडीचा. मान मागे टाकून ठोके बसले की काही पेशंटना उठताना छत फिरतं. कानातले कण हलल्याने येणारी ही चक्कर घाबरण्यासारखी नाही, पण आधी सांगितलं नसेल तर घरचे घाबरतात. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा.

आता ऑसिओडेन्सिफिकेशनचं. यातले खास बर (ड्रिलसारखी फिरणारी टोकं) उलटे फिरवले की हाड कापत नाहीत, भोकाच्या भिंतीत दाबतात. वेग मिनिटाला साधारण ८०० ते १५०० फेरे, सलाईन भरपूर, आणि बर वर-खाली उचलत राहायचा. साध्या ड्रिलपेक्षा सुरुवातीचा टॉर्क यात जास्त मिळतो. पण इम्प्लांट वर्षानुवर्षं जास्त टिकतात, असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. माझ्या मते नेमून केलेलं अंडर-प्रिपरेशन (भोक मुद्दाम अरुंद ठेवणं) आजही बऱ्याच केसेसना पुरतं. इथली भलती चूक म्हणजे साधाच ड्रिल उलटा फिरवून 'तेच झालं की' म्हणणं. त्याची धार कापण्यासाठी घडवलेली असते. उलटा फिरवला की तो नुसता घासतो आणि तापवतो. ४७ अंश सेल्सिअस एक मिनिटभर राहिलं तरी हाडाला इजा होते.

बसवताना इम्प्लांट जागच्या जागी फिरायला लागला, तर अजून आवळू नका. रुंदी असेल तर एक माप जाड इम्प्लांट घ्या. रुंदी नसेल पण इम्प्लांट आडवा डुलत नसेल, तर कव्हर स्क्रू (इम्प्लांटचं झाकण) लावून हिरडी शिवून टाका आणि सहा महिने थांबा. डुलत असेल तर काढा.

"डॉक्टर, पुढल्या आठवड्यात लगीन हाय, दात बसवूनच द्या की" हा आग्रह येणारच. टॉर्क ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आत असेल तर नाही म्हणा. फार तर काढता-घालता येणारा तात्पुरता दात द्या, पण तो इम्प्लांटच्या जागी आतून कोरून मोकळा करा. पेशंट तो दात घालून मटण खाणार, हे धरूनच चाला.