दोन दिवसांत प्राग : विद्यार्थी गटासाठी

जर्मनीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग पाहायची असेल, तर ड्रेस्डेनहून रेल्वेने सुमारे अडीच तासांत पोहोचता येते. मात्र सीमा ओलांडायची असल्याने प्रत्येकाने मूळ पासपोर्ट आणि निवास परवाना स्वतःजवळच ठेवावा. तेथे कोरुना हे चलन चालते. रस्त्यात कोणी नोटा बदलून देऊ लागल्यास सरळ नकार द्यावा. ट्रामचे कागदी तिकीट यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो, नाहीतर तिकीट असूनही दंड भरावा लागतो, आणि गटात एखाद्याचे हे हमखास राहून जाते.

चार्ल्स पूल भल्या पहाटेच गाठावा. १३५७ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या या दगडी पुलावर दिवस वर येताच पाय ठेवायला जागा उरत नाही. पहाटे मात्र दुतर्फा उभे असलेले ३० पुतळे निवांत पाहता येतात, आणि नेपोमुकच्या संत जॉनच्या पुतळ्याखालचा, असंख्य हातांच्या स्पर्शाने सोन्यासारखा लकाकणारा धातूचा पट तर अगदी जवळ जाऊन पाहावा.

जुन्या चौकातील १४१० सालच्या खगोलीय घड्याळाखाली तासाच्या ठोक्याला फार गर्दी होते, म्हणून चुकामूक झाल्यास भेटण्याचे ठिकाण तेथे न ठरवता त्याच चौकातील धर्मसुधारक यान हुस यांच्या स्मारकापाशी ठरवावे.