कॅम्पर हौद्यात चढवण्याआधी वजनाचा हिशेब

कॅम्पर म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवायची, राहण्या-झोपण्याची सोय असलेली खोली. तिच्या वजनाच्या हिशेबाची सुरुवात माहितीपत्रकापासून नको, चालकाच्या दारापासून करा. अमेरिकेत विकलेल्या पिकअपच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते आणि माणसं व सामान मिळून किती भार चालेल, तो आकडा तिच्यावर छापलेला असतो. तो त्या एका गाडीचा असतो. डिझेल इंजिन, चार दरवाजे, फोर व्हील ड्राइव्ह यांमुळे एकाच नावाच्या दोन गाड्यांत शेकडो किलोंचा फरक पडतो, त्यामुळे जाहिरातीतल्या 'जास्तीत जास्त' क्षमतेचा इथे काही उपयोग नाही. टाकीभर इंधन या आकड्यात आधीच धरलेलं असतं, चालक मात्र धरलेला नसतो. हौद्याचं अस्तर, पायदान, अवजारपेटी असं काही नंतर बसवलं असेल तर तेही वजा करा.

आता कॅम्पर. त्याचं कोरडं वजन म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन. उदाहरण घ्या: कॅम्परच्या पट्टीवर कोरडं वजन ९०० किलो. पाण्याची टाकी ११० लिटर, म्हणजे सरळ ११० किलो. गॅसच्या दोन सिलिंडरांत मिळून १८ किलो गॅस. एसी आणि बाहेर उघडणारं कापडी छत मागाहून बसवलेलं, ६० किलो. अंथरूण, भांडी, कपडे, शिधा, अवजारं यांचे २०० किलो, आणि हा आकडा जवळजवळ प्रत्येक जण निम्मा धरतो. दोन माणसं, १५० किलो. बेरीज १,४३८. दारावर १,४५० लिहिलं असेल तर उरले १२ किलो. एक जास्तीची बॅटरी ठेवली की तेही संपले. सांडपाण्याची टाकी रिकामी न करता ताजं पाणी पुन्हा भरलं, तर पाण्याचा भार जवळपास दुप्पट होतो.

कागदावरचा हिशेब जमला तरी वजनकाट्यावर जायचंच. आधी फक्त गाडी, टाकी भरून, चालकासह. मग कॅम्पर चढवून, पाणी, गॅस, सामान आणि सगळी माणसं घेऊन. दोन्ही वेळा पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगळं घ्या. एकूण आकडा मर्यादेत असूनही मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ओलांडलेली असणं फार सामान्य आहे, कारण कॅम्परचा जवळपास सगळा भार तिथेच बसतो.

तो किती बसतो, हे गुरुत्वमध्यावर ठरतं. कॅम्परच्या बाजूला त्याची खूण असते. चढवल्यावर ती मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढेच यायला हवी. अंतराची हद्द गाडीच्या पुस्तिकेत बघा. १,२०० किलोचा भार ४०० सेंटीमीटर व्हीलबेसच्या (म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये तेवढं अंतर असलेल्या) गाडीत अ‍ॅक्सलच्या १० सेंटीमीटर मागे गेला, तर पुढच्या चाकांवरून ३० किलो उचलले जातात आणि मागे १,२३० बसतात. स्टिअरिंग हलकं लागायला लागतं ते यामुळेच. आखूड हौद्यात लांब कॅम्पर घालणाऱ्यांनी ही मोजणी अजिबात टाळू नये.

टायरवरचा भारांक वाचा: १२१ असेल तर एका टायरला १,४५० किलो, दोघांना मिळून २,९००, तेही पुरेशी हवा असेल तरच. हवा टायर थंड असताना, काट्यावर मिळालेल्या वजनाप्रमाणे टायर कंपनीच्या तक्त्यातून ठरवा. कमी हवेचा टायर आतून तापतो आणि फुटतो. टायर बदलले तर रिमची क्षमताही तपासा, ती बहुतेक जण विसरतात.

स्प्रिंगला आधार देणाऱ्या एअर बॅग (हवेच्या पिशव्या) किंवा जास्तीचे पाटे बसवून गाडी समतल होते, डोलणं कमी होतं, पण दारावरचा आकडा त्याने वाढत नाही. अ‍ॅक्सल, ब्रेक, रिम तेच असतात.

आकडा बसत नसेल तर पहिली कात्री पाण्याला: ११० ऐवजी ३० लिटर नेलं की ८० किलो सुटले. मग हौद्याचं मागचं फळकं घरी ठेवा. बऱ्याच कॅम्परना ते तसंही काढावंच लागतं. जड सामान मागच्या कपाटांतून काढून पुढे, खाली हलवा आणि काट्यावर परत जा.